‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणणाऱ्यांना

एखाद्या तरुण मराठी लेखकाने परग्रहावरची जमात रंगवली आणि तिच्यात बाई-पुरुष ही आपली ओळखीची विभागणी न ठेवता वेगळी मांडणी केली, की त्याला तीन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, हे विज्ञानाला धरून नाही. जिथे जीव आहे तिथे नर आणि मादी असणारच. दोन, हे आपल्याकडचं नाही. इंग्रजी कादंबऱ्या वाचून आलेलं खूळ आहे. तीन, मराठीत हे लिहिताच येत नाही, कारण आपलं क्रियापद लिंग विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. कथास्पर्धांच्या परीक्षकांकडून, अंकांच्या संपादकांकडून, विज्ञान शिकवणाऱ्यांकडूनही मी हे ऐकत आले आहे. तिन्ही आक्षेप चुकीचे आहेत, आणि त्यांनी नुकसान होतं. चांगल्या कथा परत जातात. मग नवा लेखक शेवटी तीच कथा लिहितो ज्यात यानातून उतरणारा प्रत्येक जीव ‘तो’ असतो, त्याच्यामागे उभी असलेली ‘ती’ त्याची लेक किंवा प्रेयसी असते, आणि हिरव्या कातडीच्या आत आपल्याच आळीतला कुटुंबप्रमुख राहत असतो.

मी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात राहते. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ आमच्याच तालुक्यात आहे. वाद ‘आपलं’ आणि ‘परकं’ यांचा असेल, तर उत्तरही इथल्याच जमिनीवरून दिलेलं बरं.

आधी विज्ञानाचा आक्षेप घेते. आमचा जिल्हा बियाण्यांचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या धंद्याने या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांना आणि मजूर बायकांना फुलाचं शरीरशास्त्र हाताने शिकवलं. कपाशीचं फूल उभयलिंगी असतं. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात, आणि सोडून दिलं तर फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं. संकरित बियाणं काढायचं तर हे चालत नाही. म्हणून प्लॉटमध्ये एका वाणाच्या ओळी ‘मादी’ ठरवतात आणि दुसऱ्या वाणाच्या ‘नर’. दुपार कलली की बायका मादीच्या ओळींत शिरतात. उद्या उमलणारी कळी कोणती, हे त्यांना तिच्या फुगीरपणावरून कळतं. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांचं आवरण गोल सोलून काढायचं, आतल्या दांड्याला चिकटलेले परागकोश सगळे खरडून टाकायचे, मधल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही आणि एकही परागकोश मागे ठेवायचा नाही. सोललेल्या फुलावर खूण करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतली उमललेली फुलं तोडून आणायची आणि त्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवायची. याला इथे सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. हंगामात आठवडेच्या आठवडे हेच काम चालतं.

‘जीव म्हणजे नर आणि मादी’ असं म्हणणाऱ्याने एकदा अशा प्लॉटच्या बांधावर उभं राहावं. तिथे निसर्गाने नर-मादी वेगळे केलेलेच नाहीत. एका ओळीला मादी केलं ते माणसाच्या नखाने, बाजाराच्या गरजेने आणि रोजंदारीवर आलेल्या बाईच्या श्रमाने. लिंग देहात असतं हे खरं. पण त्या देहाचं काय करायचं, कोणाला कोणत्या ओळीत उभं करायचं आणि त्यातून निघणारं बियाणं कोणाच्या पिशवीत जायचं, हे देह ठरवत नाही. परग्रहावरची लिंगव्यवस्था रचणारा लेखक याच दुसऱ्या भागात हात घालत असतो. त्याला विज्ञानाच्या नावाने अडवणं म्हणजे विज्ञानातला सगळ्यात विचार करायला लावणारा भाग वगळणं आहे.

कपाशी सोडून मोसंबीच्या बागेत या. जालन्याची मोसंबी नावाजलेली. पण ही बाग बियांपासून उभी राहत नाही. रंगपूर लिंबाचं किंवा जंबेरीचं रोप खुंट म्हणून वाढवायचं आणि त्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरायचा. मुळं एकाची, फांद्या दुसऱ्याच्या, आणि अख्खी बाग एकाच मूळ झाडाचं पुन्हा पुन्हा फुटलेलं अंग. या झाडाचा बाप कोण, आई कोण? विचार करणाऱ्या प्राण्यांची एक जमात अशीच वाढत असेल, थोराच्या अंगावरचा डोळा काढून धाकट्याच्या खुंटावर भरत असेल, तर तिच्यात वारस कोणाला म्हणायचं? खुंटाचं ऋण कोणी फेडायचं? मुळं देणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही याची चीड एखाद्या पिढीत उसळेल की नाही? हे कथेचे प्रश्न आहेत, आणि ते विचारायला अमेरिकेत जावं लागत नाही.

पपई लावणाऱ्याला विचारा, तो सांगेल की झाडं नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची निघतात. गांडुळाच्या एकाच देहात दोन्ही इंद्रियं असतात. मधमाश्यांत फलित न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, म्हणजे त्याला बाप नसतोच, आजोबा मात्र असतो. समुद्रातला क्लाउनफिश आधी नर असतो. गटातली मोठी मादी मेली की सगळ्यात थोर नर मादी होतो. वाळलेल्या लाकडावर उगवणाऱ्या शिझोफायलम या बुरशीत परस्परांशी जुळणारे, न जुळणारे असे वीस हजारांहून जास्त प्रकार मोजले गेले आहेत. यावर कोणी म्हणेल की ही झाडं, किडे आणि बुरशा. बुद्धिमान जीवाची गोष्ट वेगळी. का वेगळी? बुद्धी असली की देह आपल्यासारखाच असला पाहिजे, असा नियम कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला? आपल्याला ठाऊक असलेला बुद्धिमान जीव आजवर एकच आहे. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे विज्ञान आपल्याला शाळेतच शिकवतं.

आता ‘आपल्याकडचं नाही’ हा आक्षेप. मला तो सगळ्यात जास्त झोंबतो, कारण तो आपल्या परंपरेच्या नावाने केला जातो आणि परंपरेकडे न बघता केला जातो. समर्थांच्या दासबोधात जीवसृष्टीची वर्गवारी येते ती चार खाणींची: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. वारेतून, अंड्यातून, घामातून, जमीन फोडून. म्हणजे जीवाला पहिला प्रश्न ‘नर की मादी’ असा विचारलेलाच नाही. ‘तू कशातून जन्मतोस’ असा विचारला आहे. घामातून जीव होतो हे आजच्या जीवशास्त्राला मान्य होणार नाही, पण जग रचणाऱ्या लेखकाने पहिला प्रश्न कोणता विचारावा याचं हे उत्तम उदाहरण आहे. जन्माची रीत बदलली की नाती बदलतात, नाती बदलली की घर बदलतं. त्याच ग्रंथाच्या १७व्या दशकाचं नावच ‘प्रकृति-पुरुष’ आहे आणि त्यात शिवशक्तीवर स्वतंत्र समास आहे. स्त्री-पुरुष भेदाच्या मुळाशी जाऊन विचार करणं आपल्याकडे त्याज्य असतं, तर समर्थांनी तो समास लिहिला नसता.

आणि फक्त ग्रंथच कशाला? ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथेच मोहिनीराजाचं मंदिर आहे. बाईच्या रूपातला विष्णू आणि नावात ‘राज’. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला अर्धनारी नटेश्वर आहे. पंढरपूरच्या विठोबाला विठाई म्हणणारा, ज्ञानोबांना माउली म्हणणारा आणि वारीत समोर येणाऱ्या मिशीवाल्या अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणून पाया पडणारा समाज आपलाच आहे. कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्माचे जोगते लुगडं नेसून डोक्यावर देवीचा जग घेऊन फिरतात. मराठी विज्ञानकथेला पुराणांचं वावडंही कधी नव्हतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांनी पुढे आपल्या पुस्तकांना ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘अंतराळातील भस्मासुर’ अशी नावं दिली. भस्मासुर आपण अंतराळात नेला; मोहिनीलाही नेता येईल.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर माझ्याच बाजूचे लोक या यादीचा चुकीचा उपयोग करतील. देवळात मोहिनीराज आहे म्हणून समाजात तिसऱ्या माणसाला जागा आहे, असं होत नाही. तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाला १५ एप्रिल २०१४ रोजी निकाल देऊन सांगावं लागलं. ज्या गावात अर्धनारीची आरती होते, त्याच गावात अशा माणसाला भाड्याने खोली मिळत नाही. म्हणून मी परंपरेकडे प्रशस्तिपत्र मागायला जात नाही. मी तिच्याकडे कच्चा माल म्हणून बघते, आणि त्या मालात जितकी भक्ती आहे तितकाच अन्यायही आहे. लेखकाला दोन्ही लागतात.

जांबेचंच उदाहरण घ्या. नारायण सूर्याजीपंत ठोसर, म्हणजे पुढे समर्थ रामदास झालेला मुलगा, १६०८ साली रामनवमीला इथे जन्मला. बाराव्या वर्षी त्याला बोहल्यावर उभं केलं. मंगलाष्टकांत ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि तो मांडवातून पळाला, असं परंपरा सांगते. इथलं लहान पोरसुद्धा ही कथा सांगेल. आता ही कथा लिंगव्यवस्थेची कथा म्हणून वाचा. त्या काळी ‘पुरुष’ होणं म्हणजे गृहस्थ होणं. एका मुलाने ते नाकारलं, आणि त्याला जायला जागा होती: ब्रह्मचारी, तपस्वी, पुढे महंत. समाजाने ते दार आधीच करून ठेवलं होतं. पण अंतरपाटाच्या पलीकडे जी मुलगी उभी होती, तिच्या कानांवरही तोच शब्द पडला होता. ती पळाली असती तर कोणत्या दाराने? तिच्या नावाने कीर्तन होत नाही. पुढे समर्थांच्याच संप्रदायात मिरजेच्या वेणाबाई, बालविधवा, उभ्या राहून कीर्तन करू लागल्या, मठाधिपती झाल्या. समर्थांच्या मागे सज्जनगडाची व्यवस्था त्यांच्या दुसऱ्या शिष्या अक्का यांनी सांभाळली. संप्रदाय त्यांना वेणास्वामी, अक्कास्वामी म्हणतो. म्हणजे दार थोडं किलकिलं झालं, पण वैधव्याच्या उंबरठ्यावरून आणि ‘स्वामी’ होऊनच. परग्रहावरची व्यवस्था रचणाऱ्याला याहून चांगला धडा मी देऊ शकत नाही. तुमच्या जमातीत किती लिंगं आहेत हे मला नंतर सांगा. ठरवून दिलेल्या जागेतून ज्याला बाहेर पडायचं आहे त्याच्यासाठी दार कुठे आहे, ते कोणाला उघडतं, आणि मांडवात मागे कोण राहतं, हे आधी सांगा.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो नीट ऐकून घेण्यासारखा आहे. इंग्रजीत ‘मी’ म्हणून बोलणारं पात्र पानंच्या पानं स्वतःचं लिंग लपवू शकतं. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे दुसऱ्याच शब्दात उघड होतं. त्यामुळे परीक्षक म्हणतात की हा खेळ आपल्या भाषेला झेपणारा नाही. ज्यांनी मराठी आयुष्यभर वापरली त्यांनी असं म्हणावं याचं मला दुःख होतं. भविष्यकाळ पाहा: तो जाईल, ती जाईल, ते जाईल. लिंग कुठे आहे? जुना रीतिभूतकाळ पाहा: तो रोज नदीवर जाई, ती रोज नदीवर जाई. तिथेही नाही. सकर्मक भूतकाळात तर कमालच आहे. ‘सावनने भाकरी खाल्ली, सावनने आंबा खाल्ला, सावनने फळ खाल्लं.’ सावन कोण आहे हे क्रियापद विचारतच नाही; ते भाकरीचं, आंब्याचं, फळाचं लिंग घेतं. ‘मला भूक लागली’, ‘मला वाटतं’, ‘माझ्याने होत नाही’ या रचना आपण दिवसभर वापरतो, त्यांतही बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. जो लेखक काळ आणि प्रयोग विचारपूर्वक निवडेल, त्याला मराठीत अख्खी कथा कोणालाही बाई किंवा पुरुष न करता लिहिता येईल. ती खटकणारही नाही.

पण मला लपवाछपवीपेक्षा पुढची गोष्ट सांगायची आहे. भाषेची ही अडचण हेच आपलं भांडवल आहे. माणूस चालत गेला तर ‘गेला’, म्हणजे लिंग त्याचं स्वतःचं. त्याने भाकरी खाल्ली तर क्रियापदाचं लिंग भाकरीचं. अशी जमात कल्पा जिच्यात एकट्याने हिंडणाऱ्या जीवाला स्वतःचं लिंग असतं, पण हाताने काही करू लागला की तो ज्या वस्तूला हात लावतो तिचं लिंग त्याच्यावर येतं. कुंभार मडक्याचा होतो, विणकर वस्त्राचा. एकटा माणूस ‘तो’, पण चार माणसं जमली की ‘ती माणसं’, नपुंसकलिंगी. म्हणजे गर्दीत लिंग विरघळतं. या कल्पना माझ्याही नव्हेत, त्या आपण बोलतो त्या व्याकरणात पडून आहेत.

‘नपुंसकलिंग आहे ना, मग सगळ्यांना ‘ते’ म्हणा, प्रश्न सुटला’ असं सुचवणारेही भेटतात. प्रश्न सुटत नाही, कारण मराठीतलं ‘ते’ रिकामं नाही. मराठवाड्यात मुलगा असो की मुलगी, घरोघर ‘लेकरू’ असतं: लेकरू आलं, लेकरू जेवलं. ते मोठं होतं तेव्हा ‘तो’ किंवा ‘ती’ होतं. आणि फार म्हातारं झालं की पुन्हा ‘म्हातारं’: म्हातारं बाजेवर पडलं, म्हातारं काही खात नाही. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात लिंग हे वयाच्या मधल्या तुकड्यापुरतं मिळतं, आणि काम करायची ताकद गेली की काढून घेतलं जातं. तसंच कोकणीत आणि मालवणीत जा, तिथे लग्नाआधीची मुलगी ‘चेडूं’, नपुंसकलिंगी. कोल्हापूरकडे बाया-मुली सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. एका राज्यात आणि शेजारच्या गोव्यात मिळून लिंगाचे इतके वेगवेगळे हिशोब नांदत असताना ‘मराठीत एकच रीत आहे’ म्हणणं हे आपल्या बोलींचा अपमान आहे. आमच्या ‘लेकरू’ आणि ‘म्हातारं’ या दोन शब्दांच्या मध्ये एका ग्रहाची समाजरचना बसेल. तिच्यात ‘तो’ आणि ‘ती’ ही अंगातल्या बळाची पदं असतील, आणि एखाद्या सकाळी शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल ‘आलं’ म्हटलेलं ऐकून एखाद्या कर्त्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकेल.

आता माझ्या बाजूच्या लेखकांशीही थोडं भांडते, कारण वाईट कथा हा विरोधकांच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा असतो. लिंगांचा आकडा वाढवला की व्यवस्था रचली, असं अनेकांना वाटतं. आयझॅक आसिमोव्ह यांनी १९७२च्या ‘द गॉड्स देमसेल्व्ज’मध्ये तीन लिंगांची जमात रचली: विचार करणारे, भावनेचे आणि पालकत्वाचे. देहांच्या मीलनाची त्यांची कल्पना भव्य आहे. पण विचार करणारा ‘तो’, पालक ‘तो’, आणि भावनेची मात्र ‘ती’! तीन खोल्यांचं घर बांधलं आणि बाईला ठेवलं जुन्याच खोलीत. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये गेथेन ग्रहावरची माणसं महिन्याचे बहुतेक दिवस कोणत्याच लिंगाची नसतात, थोड्या दिवसांच्या ‘केमर’मध्ये कोणी स्त्री होतं, कोणी पुरुष, आणि एकच माणूस काही मुलांची आई आणि काहींचा बाप असू शकतो. कल्पना आजही ताजी आहे. पण त्यांनी सगळ्यांना ‘तो’ म्हटलं, त्यावर टीका झाली, सुरुवातीला त्यांनी आपला बचाव केला आणि पुढे तो बचाव मागे घेतला. मोठी लेखिका सर्वनामावर अडली, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. मराठीत लिहिताना हा प्रश्न पहिल्याच ओळीत समोर येतो, तिथेच सोडवावा लागतो. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८७च्या ‘डॉन’मधल्या परग्रहवासीयांत ऊलोई नावाचं तिसरं लिंग आहे. दोन माणसांचं मीलन त्याच्यामार्फतच होतं, इतकं की नंतर त्या दोघांना एकमेकांचा थेट स्पर्श सहन होत नाही. इथे तिसरं लिंग म्हणजे नुसता वेगळा अवयव राहत नाही. ते सत्तेचं ठाणं होतं, आणि वाचक अस्वस्थ होतो. व्यवस्था रचणं म्हणतात ते हे.

आणि सत्ता, काम, हिशोब यांची व्यवस्था बघायची तर मला पुन्हा माझ्याच जिल्ह्यात यावं लागतं. पावसाळा सरला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी नसलेला एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, पालावर येऊन चूल पेटवायची. पैसे मात्र जोडीच्या नावे मोजायचे, आणि ती उचल बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात पडते. जोडी पुरी करायची निकड हे मुलींची लग्नं लवकर उरकण्याचं एक कारण ठरतं. पाळीचे दिवस, गरोदरपण, आजारपण म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण पुढे आलं तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

हे एखाद्या परग्रहवासी संशोधकाने आमच्या रस्त्यावर उभं राहून टिपलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं? या ग्रहावर जीवाचं एकक दोन देहांचं आहे. एक देह हा अर्धा समजला जातो. आणि कामाचा हिशोब जुळावा म्हणून दोनांपैकी एकाच देहातून जन्म देणारं इंद्रिय काढलं जातं. मी यात एक अक्षरही कल्पनेचं घातलेलं नाही. हे वास्तव कथा-कादंबऱ्यांत, बातम्यांत आलं आहे आणि आपण ते वाचून पान उलटलं आहे, कारण आपल्याला ते सवयीचं झालं आहे. परग्रहावरची कथा ही सवय मोडते. ‘अर्धा’ म्हणवून घेणाऱ्या जीवांची जमात दूरच्या ताऱ्याभोवती उभी केली, त्यांच्या मुकादमाला वेगळं नाव दिलं, की ज्याने आयुष्यभर कोयता हा शब्द ऐकला त्या वाचकालाही तो पहिल्यांदा ऐकू येईल. सामाजिक कथा हे करू शकत नाही असं मी म्हणत नाही. पण विज्ञानकथा वेगळ्या बाजूने येते, आणि ती बाजू बंद करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून परग्रहवासीयांची लिंगव्यवस्था रचणाऱ्या लेखकाकडून माझ्या अपेक्षा कडक आहेत. अवयवांचं वर्णन दोन ओळींत उरकावं. जमीन कोणाच्या नावावर चढते ते सांगावं. दुष्काळात सगळ्यात शेवटी कोण जेवतं ते सांगावं. आमच्याकडे २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या, टँकरवर गावं जगली, आणि घरातल्या पाण्याची वाट कोणी पाहिली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्याला अग्नी कोण देतं, रात्री एकट्याने कोणाला फिरता येतं, लेकराचं रडणं ऐकून कोणी उठायचं, याची उत्तरं त्या ग्रहावर काय आहेत ते लेखकाला माहीत असलं पाहिजे, कथेत लिहिलं नाही तरी. त्या उत्तरांत कोणावर अन्याय होत नसेल, सगळे सुखाने नांदत असतील, तर त्या लेखकाने अजून पुरेसा विचार केलेला नाही. आणि त्या जमातीत नियमाबाहेरचा एक तरी जीव असलाच पाहिजे, कारण नियमाबाहेर कोणीच नाही अशी लिंगव्यवस्था माणसांत झालेली नाही.

‘वाचकांना हे पचणार नाही’ असं संपादक शेवटी म्हणतात. ज्या वाचकाने चार खाणी आणि चौऱ्यांशी लक्ष योनी ऐकत कीर्तनात रात्री जागवल्या, त्याच्याबद्दल हे बोललं जातं. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या तेव्हा पाणबुडीत आणि चंद्रावर जाणारा वाचक मराठीच होता. त्याला न पचणारी गोष्ट एकच: अर्धवट विचार करून लिहिलेली कथा.

तेव्हा परीक्षकांना आणि संपादकांना माझं सांगणं इतकंच आहे. अशी कथा हाती आली की ती इतर कथांसारखी वाचा. तिचं जीवशास्त्र आतून फाटत असेल तर ते कुठे फाटतं ते लिहून कळवा. भाषा अडखळत असेल तर कोणत्या वाक्यात अडखळते त्याखाली रेघ ओढा. पात्रं निर्जीव असतील, शेवट लादलेला असेल, तर तसं सांगून परत पाठवा. लेखक रागावेल आणि दुसरा खर्डा लिहील. पण ‘हे आपल्याकडचं नाही’ एवढं एक वाक्य लिहून ती परत करू नका. ते कारण खरं नाही.